चिमटा, फुंकणी आणि बंब : विस्तवाच्या हत्यारांची गोष्ट

पाणी तापवायचा तांब्याचा बंब अलीकडे आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. पुण्यामुंबईच्या एखाद्या हॉटेलात किंवा सजवलेल्या दिवाणखान्यात तो कोपऱ्यात उभा असतो. चिंच लावून लख्ख घासलेला, धुराड्याच्या नळीत दिवा बसवलेला, तोटीला कधी पाणी लागलेले नाही असा. दुसरा बंब बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, घरामागच्या पत्र्याच्या आडोशाला भेटतो. तो बाहेरून काळा पडलेला असतो, त्याच्या तोटीला चिंधी गुंडाळलेली असते आणि पहाटे कोणीतरी डोळे चोळत त्यात तुरीच्या पळकाट्या घालत असते.

वस्तू एकच आहे. एकीला आपण ‘कलाकुसर’ म्हणतो, दुसरीला ‘अडगळ’. विस्तवाशी काम करणारी धातूची हत्यारे केव्हा आणि कशामुळे शोभेची होतात? हा प्रश्न वरवर घरसजावटीचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की तरफेपासून उष्णतावहनापर्यंतचे पाठ्यपुस्तकातले बरेच विज्ञान वाटेत लागते, आणि आपल्या जिल्ह्याचा, आपल्या घरांचा थोडा इतिहासही.

विस्तव जपायचा कसा?

काडेपेटी ही तशी अलीकडची वस्तू. ती घरोघरी पोचण्याआधी विस्तव रोज नव्याने पेटवण्यापेक्षा तो जपून ठेवणे सोपे होते. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी राख बाजूला सारून ते पुन्हा फुलवायचे. राख उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे निखारा लवकर निवत नाही, आणि राखेतून हवा अगदी थोडी जात असल्यामुळे तो भराभर जळूनही जात नाही. कोणाच्या चुलीतला विस्तव विझलाच तर शेजारून खापरावर किंवा गोवरीवर निखारा मागून आणायचा. ‘त्या दोन घरांत विस्तवही जात नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा ह्याच देवघेवीची आठवण काढत असतो.

म्हणजे चुलीजवळच्या माणसाला तीन कामे करावी लागतात. निखारा किंवा तापलेले भांडे धरणे, विस्तवाला हवा देणे, आणि विस्तवाची उष्णता वाया न घालवता कामाला लावणे. पहिल्या कामासाठी चिमटा आणि सांडशी, दुसऱ्यासाठी फुंकणी आणि तिसऱ्यासाठी शेगडी, बंब अशी साधने घडत गेली. त्यांचा आकार कोणा एका कलाकाराच्या मनात आलेला नाही. हात भाजू नये, जाळ कमी लागावा आणि गावच्या लोहाराला ते घडवता यावे, अशा साध्या अटींतून तो हळूहळू ठरत गेला.

हात आणि निखारा यांच्यामधले अंतर

चिमटा हाती घेऊन पाहा. लोखंडाची एक लांब पट्टी मधोमध वाकवलेली असते, किंवा दोन पट्ट्या एका टोकाला जोडलेल्या असतात. जोड हा टेकू, दुसऱ्या टोकाला निखारा किंवा भाकरी हा भार, आणि मध्ये आपली बोटे बल लावतात. बल मध्ये असलेली ही तिसऱ्या प्रकारची तरफ. तिच्यात बलाचा फायदा होत नाही, उलट तोटाच होतो. टेकूपासून १० सेंटिमीटरवर आपण दाबले आणि भार ३० सेंटिमीटरवर असला, तर आपल्या बलाच्या एकतृतीयांशच बल भारावर पडते. मग चिमटा कशासाठी? कारण येथे बळ नको आहे, अंतर हवे आहे. बोटे थोडीशी हलली की टोके तिप्पट हलतात, आणि फुगलेली भाकरी न फाटता उचलली जाते.

सांडशीचे काम वेगळे. उकळत्या आमटीचे पातेले उतरवताना काठावरची पकड सुटून चालणार नाही. तिचा टेकू म्हणजे रिव्हेट हा बल आणि भार यांच्या मध्ये असतो, म्हणून ती पहिल्या प्रकारची तरफ. दांडे १८ सेंटिमीटरचे आणि तोंड ३ सेंटिमीटरचे असेल, तर हाताच्या बलाच्या सुमारे सहापट बल पातेल्याच्या काठावर पडते. लोहाराची सांडस ह्याच घराण्यातली, फक्त दांडे आणखी लांब. दोन्ही हत्यारे एकाच फळीवर टांगलेली असतात, पण त्यांचे गणित उलटे आहे. मुलांना तरफेचे प्रकार पाठ करायला लावण्याऐवजी ही दोन हत्यारे वर्गात आणून मोजपट्टी हातात दिली, तर ते गणित त्यांना स्वतःच सापडते.

आता धातूचा विचार करू. चिमटा लोखंडाचा का, तांब्याचा का नाही? तांबे उष्णतेचे फार चांगले वाहक आहे. त्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० एकके भरते, शुद्ध लोखंडाची सुमारे ८०, साध्या पोलादाची ५० च्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलची १५ ते १६. (एकक : वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन.) तांब्याचा चिमटा दोन मिनिटांत हाताला चटका देईल. शिवाय तो वाकेल आणि वाकलेलाच राहील. लोखंडाच्या पट्टीवर थंड स्थितीत हातोडीचे घाव पडले की ती कडक आणि लवचीक होते, म्हणून दाब सोडताच चिमटा पुन्हा उघडतो. चिमट्याचा ‘टण्’ असा आवाजही ह्याच गुणातून येतो, आणि त्यामुळेच भजनाच्या फडात चिमटा वाद्य म्हणून सहज सामील होतो.

फुंकणी : अडीच हजार वर्षांची नळी

चूल पेटवताना तोंडाने नुसती फुंकर मारली तर हवा पसरते आणि चेहरा धुरात जातो. नळीतून मारलेली फुंकर मात्र निखाऱ्यावर नेमकी पडते. आपण श्वास बाहेर सोडतो तेव्हा त्या हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो, तर बाहेरच्या हवेत २१ टक्के. मग उरलेल्या हवेने विस्तव कसा फुलतो? नळीच्या तोंडातून वेगाने निघालेला झोत आजूबाजूची ताजी हवा आपल्याबरोबर ओढून नेतो, शिवाय निखाऱ्यावरची राख उडवून लावतो. निखाऱ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि ज्वलन वाढते.

ह्या नळीचे एक जुने नातलग विदर्भात सापडले आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. तेथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तिचा काळ इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा धरला जातो. भट्टीत भात्याचा वारा सोडण्याच्या मातीच्या नळ्यांचे अवशेषही तेथे होते. लाकडाचा उघडा जाळ लोखंडाचे खनिज गाळायला पुरत नाही. त्यासाठी भट्टीत ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि तेवढे तापमान कोळशाला जोराचा वारा मिळाला तरच चढते. भात्याची नळी आणि स्वयंपाकघरातली फुंकणी ह्यांचे तत्त्व एकच. एकीने लोखंड दिले, आणि पुढे त्याच लोखंडाची दुसरी घडली.

बीडमध्ये लोखंड कुठले?

बीड जिल्ह्याची जमीन काळ्या बेसाल्टची. बालाघाटच्या रांगा, धारूरचा किल्ला, घरांच्या जुन्या भिंती ही सगळी लाव्हाच्या थरांची देणगी. बेसाल्टमध्ये लोह असते, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पण ते सिलिकेट खनिजांत अडकलेले असते आणि गावठी भट्टीत ते वेगळे काढता येत नाही. त्यामुळे ह्या भागात लोखंड बाहेरून यायचे. बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानात पूर्वेला, निझामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमचे पोलाद एके काळी इतके नावाजलेले होते की इराणी व्यापारी ते विकत घ्यायला येत.

जे लोखंड बाहेरून येते ते जपून वापरावे लागते. गावचा लोहार बलुतेदार होता. त्याचे मुख्य काम शेतीच्या अवजारांचे, आणि चिमटा, सांडशी, उलथणे ही त्याच्या हातची लहान कामे. मोडक्या फाळाचा तुकडा वाया जात नसे, त्याचे काहीतरी होत असे. शिवाय घिसाडी गावोगाव फिरत. सरकारी यादीत घिसाडी ही भटकी जमात म्हणून नोंदलेली आहे. आठवडी बाजाराच्या कडेला त्यांचा भाता लागतो. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो आणि बाई उभी राहून घण घालते. भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून कोयते, कुऱ्हाडी होतात, कारण त्या पोलादात कार्बनचे प्रमाण बरे असते आणि पाणी दिल्यावर ते कडक होते. चिमट्याला एवढे पोलाद लागत नाही. त्याला साधी पट्टी चालते.

ह्या वस्तूंवर कारागिराचे नाव नसते. तरी त्या अगदीच कोऱ्या नसतात. चिमट्याच्या माथ्यावर एखादे कडे, उलथण्याच्या दांड्याला पीळ, पळीच्या टोकाला चिमणी किंवा आकडा. दांड्याचा पीळ दिसायला छान असतोच, पण चपट्या पट्टीपेक्षा तो हातात घट्ट बसतो आणि सगळीकडून वाकायला विरोध करतो. टोकाच्या आकड्याने हत्यार खुंटीला टांगता येते. शोभा आणि उपयोग यांची फारकत येथे झालेली नाही.

बंब : घरातला बॉयलर

‘बंब’ हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे मानले जाते, म्हणून आग विझवणाराही बंबच आणि पाणी तापवणाराही बंबच. पाण्याच्या बंबाची रचना हुशारीची आहे. बाहेरच्या नळकांड्यात पाणी, मधून उभी जाणारी धुराड्याची नळी, तळाला जाळी आणि जाळीखाली राख पडायला जागा. इंधन वरून घालायचे. नळी तापली की तिच्यातली हवा हलकी होऊन वर जाते आणि खालून जाळीतून ताजी हवा आपोआप ओढली जाते. फुंकणीची गरज फक्त पेटवताना.

थोडे गणित करून पाहू. नळीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि उंची ४० सेंटिमीटर धरली, तर पाण्याला उष्णता देणारा पृष्ठभाग सुमारे १,५०० चौरस सेंटिमीटर होतो. तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेल्या, २५ सेंटिमीटर तळाच्या हंड्याचा तळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर. म्हणजे बंबात तिपटीहून अधिक पृष्ठभाग विस्तवाला मिळतो, तोही चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला. आगगाडीच्या इंजिनात पाण्यातून गरम वायूच्या नळ्या नेलेल्या असत, तीच ही कल्पना.

‘तांबे उष्णतेचे उत्तम वाहक, म्हणून बंब तांब्याचा’ असे आपण वर्गात सांगतो. ते अर्धेच खरे आहे. बंबाचा पत्रा इतका पातळ असतो की त्यातून उष्णता जायला लोखंडातही फारसा अडथळा होत नाही. खरा अडथळा असतो तो गरम वायू आणि पत्रा यांच्यामधल्या हवेच्या पातळ थराचा, आणि आत साचलेल्या काजळीचा. तांबे निवडण्याची अधिक मोठी कारणे दोन : ते पाण्याने लोखंडासारखे गंजत नाही, आणि ते ठोकून हवे तसे वळवता येते. तांबट तापवून मऊ केलेल्या पत्र्यावर ओळीने घाव घालतो, त्याला मठारकाम म्हणतात. घावांनी धातू कडक होतो आणि भांडे पोचे न पडण्याइतके ताठ बनते. बंबावर चमकणारे ते गोल गोल ठसे आज ‘नक्षी’ म्हणून विकले जातात. मुळात ती भांडे मजबूत करण्याची रीत होती. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

चिंचेने बंब लखलखतो, कारण चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा हा प्रयोग ज्याने केला नाही, असा मराठवाड्यातला जुना विद्यार्थी विरळाच.

शोभेचा विस्तव : बीदरची गुडगुडी

आपल्याकडे विस्तवाची साधने निव्वळ शोभेसाठीही घडली, पण ती स्वयंपाकघरासाठी नव्हेत. बीडच्या आग्नेयेला, लातूरच्या पलीकडे बीदर आहे. तेथली बिदरी कला बहमनी काळापासूनची मानली जाते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा बसवतात, आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या गरम लेपाने ते चोळतात. जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो, चांदीवर काही परिणाम होत नाही, आणि काळ्यावर पांढरी नक्षी उठून दिसते. एकाच लेपाशी दोन धातू वेगवेगळे वागतात, त्यावर ही सगळी कला उभी आहे.

बिदरीचा एक मोठा ग्राहक म्हणजे हुक्का. हुक्क्याच्या बुडाशी असलेले पाण्याचे भांडे, वर चिलीम, तिच्यावर निखारे आणि ते उचलायला नाजूक चिमटा. दरबारी माणसाच्या बैठकीत ही वस्तू मधोमध असायची. पण निखारा फुलवण्याचे काम नोकर करायचा. ज्याच्या हाताला काजळी लागत नाही, त्याला विस्तवाच्या वस्तूत आधी सौंदर्य दिसते. हे सूत्र लक्षात ठेवू, कारण पश्चिमेकडेही तेच घडले.

भिंतीतली शेकोटी आणि आधुनिक कारागीर

युरोपातल्या थंडीत प्रत्येक खोलीच्या भिंतीत शेकोटी असे. तिच्याशेजारी चार हत्यारांचा संच : विस्तव सारायची सळई, चिमटा, राख काढायचे फावडे आणि कुंचा. लाकडे जमिनीपासून उचलून धरायला लोखंडी अडणीची जोडीही असे. तिच्यात आणि आपल्या तिवईत फार फरक नाही. काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९६ मध्ये ह्या शेकोटीवर निबंध लिहिला. शेकोटी उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा आणि धुराड्याचा गळा अरुंद करा, म्हणजे उष्णता खोलीत येईल आणि धूर वर जाईल, असे त्याने दाखवले. दोनच वर्षांनी तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरचा त्याचा प्रसिद्ध निबंध आला. उष्णता म्हणजे काय, हा प्रश्न त्याला शेकोटीपाशीही पडत होता आणि तोफेपाशीही.

पुढे सव्वाशे वर्षांत विचार बदलला. अमेरिकन वास्तुशिल्पी लुई सलिव्हनने १८९६ मध्ये वस्तूचे रूप तिच्या कामातून ठरते हे तत्त्व मांडले. जर्मनीत १९१९ मध्ये वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली. धातूकाम, विणकाम, सुतारकाम यांच्या कार्यशाळा आणि चित्रकला तिने एकाच छपराखाली आणली. तिथे शिकलेल्या व्हिएन्नाच्या कार्ल आउबॉकने पुढे आपल्या कार्यशाळेत पितळ, चामडे, लाकूड यांच्या घरगुती वस्तू केल्या, आणि त्यांत शेकोटीची हत्यारेही होती. पाने-फुले नाहीत, सिंहाची तोंडे नाहीत. एक सरळ दांडा, हाताला चटका बसू नये म्हणून मुठीला चामडे, टांगायला कडे. अशा आधुनिक शैलीचे काळ्या लोखंडाचे आणि पितळेचे संच दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत पुष्कळ निघाले.

गंमत अशी की नेमक्या ह्याच काळात शेकोटी विझत चालली होती. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस साचून राहिले. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावली असा त्या वेळचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि शहरांतल्या उघड्या कोळशाच्या शेकोट्या कमी होत गेल्या. गॅस, वीज आणि गरम पाण्याच्या नळ्यांनी खोल्या तापू लागल्या. हत्यारे मात्र शेकोटीशेजारी उभीच राहिली. आता त्यांच्यावर राख उडत नव्हती. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात संग्राहक ते संच शिल्पासारखे विकत घेतात.

आपल्याकडे ही दृष्टी दोन वाटांनी आली. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी सर्वात वरचे स्थान दिले ते आपल्या साध्या लोट्याला. हातात बसणे, कमरेवर टेकणे, ओतताना तोल राहणे, किंमत, घासण्याची सोय अशा असंख्य अटी पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यात सोडवल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. दुसरी वाट पुण्याची. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे डॉ. दिनकर केळकर आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू जमवत राहिले. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. सामान्य घरातली वस्तूही जपण्याजोगी असते, हे त्या संग्रहालयाने मराठी माणसाला शिकवले.

पण धुराचे काय?

येथवर आपण हत्यारे पाहिली. ती वापरणारीही पाहिली पाहिजे. फुंकणीच्या एका टोकाला निखारा असतो आणि दुसऱ्या टोकाला एका बाईची फुप्फुसे. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळची हवा मोजली आणि निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. चूल पेटलेली असताना दर घनमीटर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली. लंडनचे धुके पाच दिवसांचे होते. चुलीपुढचे धुके रोजचे आहे.

असे नाही की कोणी प्रयत्न केले नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात धुराडे असलेली मगन चूल तयार झाली. बीड हैदराबाद राज्यात असतानाच, हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल आखली आणि १९५३ मध्ये ‘लाखोंसाठी बिनधुराची स्वयंपाकघरे’ अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढली. एकाच जाळावर ओळीने भांडी, शेवटी धुराडे, आणि हवेचा ओढा कमीजास्त करायला झडप. तेव्हाच्या आपल्याच राज्यातले हे संशोधन आज आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही. १९८३ पासून केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम चालला आणि २००२ मध्ये तो बंद झाला. पुष्कळ चुली धुराडी तुंबून, फुटून बंद पडल्या. आकार कागदावर बरोबर होता, पण काजळी काढायची कोणी, धुराड्याचा पाइप मोडला तर नवा कुठून आणायचा, हे त्यात पुरते बसलेले नव्हते. चिमट्याच्या आकाराला पिढ्यान्‌पिढ्या मिळाल्या आणि गावातच दुरुस्त करणारा मिळाला. सुधारित चुलीला दोन्ही मिळाले नाही.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोचला. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली ऊसतोड करणारी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव पडण्याचे हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. कोपीपुढे तीन दगडांची चूल मांडली जाते आणि पहाटे फडावर जाण्याआधी भाकरी होतात. त्या सामानात चिमटा, फुंकणी असते. त्यांचे रूप किती नेमके आहे, हे तिथे कोणी पाहत बसत नाही.

आणि ज्यांच्या घरातून धूर गेला, त्यांच्याकडचा विस्तव खरेच विझला का? परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. जुने संच आता निवृत्त झाले असून त्यांच्या जागी २५० मेगावॉटचे संच आले आहेत. तिथेही कोळशाला वारा द्यावा लागतो, राख काढावी लागते, धूर उंच धुराड्यातून सोडावा लागतो. कामे तीच, हत्यारे मोठी. शहरातला गीझर पाणी तापवतो तेव्हा धूर नाहीसा होत नाही, तो परळीसारख्या ठिकाणी वर जातो.

वर्गात करून पाहा

मुलांना घरातली विस्तवाची हत्यारे पाहून एक तक्ता करायला सांगावा. हत्याराचे गावातले नाव, धातू, तरफेचा प्रकार, बल-भार यांची मोजलेली अंतरे, कोणी घडवले, कोण वापरते, आणि धूर कोणाच्या नाकात जातो. शेवटच्या दोन रकान्यांत बहुतेक मुलांना ‘आई’ किंवा ‘आजी’ लिहावे लागेल. तो रकाना भरताना मुले थोडी थांबतात. शिक्षकाने तिथे घाई करू नये.

जुने चिमटे, बंब जपावेत, घासून फळीवर मांडावेत, त्यांच्या रूपाचे कौतुक करावे. त्यात गैर काही नाही. फक्त बंबावरची काजळी निघाली म्हणून ती कोणाच्या छातीत गेली होती, हे विसरू नये. बीडमधल्या त्या दुसऱ्या बंबाचीही फळीवर जाण्याची वेळ यावी, पण ती पहाटे त्यात पळकाट्या घालणारीला उठावे लागू नये म्हणून. तोवर तो परसातच बरा आहे, आणि आपल्यापुढे एक सोडवायचे गणित आहे.